शुक्रवारचं शेवटचं निवेदन

दुपारी अडीच वाजता आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये रात्र व्हायची. गेल्या उन्हाळ्यात सात-आठ शनिवार ती नेमाने झाली. नात आणि तिची मैत्रीण खिडक्यांना काळा चार्टपेपर चिकटवायच्या, फटींत माझ्या जुन्या साड्या कोंबायच्या, दाराखाली पायपुसणं सरकवायच्या. तरी कुठून तरी उन्हाची एक तिरीप आत यायचीच आणि भांड्यांच्या रॅकवर जाऊन बसायची. मग तिच्यावर माझी एक ओढणी. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. खाली भाजीवाला ओरडत असायचा आणि वर मी जरीकाठाची साडी नेसून, तोंडाला पावडर थापून, हसतमुखाने मध्यरात्रीचं निवेदन करत असायचे.

"कट! मेथी आली," मैत्रीण म्हणायची. मेथी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही तिघी अंधारात गप्प बसायचो. त्या गप्प बसण्याची मला पुढे फार सवय लागली.

ह्या दोघी सिनेमा काढत होत्या. भुताचा. एका भुताचा नव्हे, तीन भुतांचा. तीन छोट्या गोष्टी, आणि त्या अशा ओवलेल्या, की जणू तुम्ही जुन्या काळचा टीव्ही रात्री उशिरापर्यंत लावून बसला आहात. गोष्ट, मग जाहिरात, मग व्यत्ययाची पाटी, मग निवेदिका, मग पुन्हा गोष्ट.

"अँथॉलॉजी म्हणतात त्याला, आजी," नात म्हणाली.

"आमच्यात मिसळ म्हणतात," मी म्हटलं.

खर्च करायला दोघींकडे काही नव्हतं, म्हणून जे घरात होतं तेच भुताच्या कामाला लागलं. धूर इडलीपात्राचा. रक्त म्हणजे बिटाचा रस आणि मध, त्यामुळे मेलेल्या माणसाभोवती मुंग्या जमायच्या, आणि त्याही सिनेमात घेतल्या गेल्या. पहिल्या गोष्टीत आमच्या सोसायटीची लिफ्ट होती, जी इमारतीत नसलेल्या मजल्यावर थांबते. ती एरवीही दोन मजल्यांच्या मध्येच थांबते, त्यामुळे तिला फारसा अभिनय करावा लागला नाही. दुसरीत वारलेल्या सासूच्या आवाजात पाककृती सांगणारा मिक्सर. तिसरीत हडपसरहून निघालेली एक रिक्षा, जिचा मीटर उलटा पळतो आणि आत बसलेली बाई सिग्नलागणिक लहान होत जाते. मधली जाहिरात दंतमंजनाची. तीत आमचे हे कवळी घालून हसले आणि मग कवळी काढून हसले. सगळ्या सिनेमात भीतिदायक तेवढंच, असं माझं मत होतं.

आणि एक गंमत होती. सगळं मोबाइलवर चित्रित करायचं, ते जुन्या बाजारातून आणलेल्या डबड्या टीव्हीवर लावायचं, आणि त्या टीव्हीच्या फुगीर काचेवरून पुन्हा मोबाइलवर घ्यायचं. मग चित्र थरथरायचं, कडेला वाकायचं, माणसांभोवती दुधी कड यायची. आजची दुपार पन्नास वर्षं जुनी होऊन बाहेर पडायची.

आता, निवेदिका म्हणून मीच का? कारण आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की आजी एकोणीस वर्षांची असताना टीव्हीवर निवेदिका होती. एकच दिवस, एकच निवेदन. पण होती.

नव्हते.

इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही उगाच माझ्याबद्दल आदर बाळगणार नाही. मी टीव्हीवर कधीही नव्हते. निवेदिकेच्या चाचणीला गेले होते आणि नापास झाले होते. बाकीचं मी, आमची वस्ती आणि हडपसरची मावशी, अशा सगळ्यांनी मिळून रचलं. नातीला हे ठाऊक नव्हतं. आणि ते तिला कळू नये, एवढीच माझी त्या उन्हाळ्यातली काळजी होती.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलीची जरा ओळख करून देते. वेण्या दोन, अक्कल अर्धी. येरवड्याच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि विहिरीवर जाताना अशी चालायची, की जणू मागून कोणी फोटो काढतंय. बाहेरच्या खोलीत चौकोनी आरसा होता. त्याच्या चौकटीत चेहरा नीट बसवून ती रोज संध्याकाळी भावंडांना "यानंतर आपण पाहणार आहात" असं सांगायची. यानंतर ती पाहायची फक्त आईची लाटणं घेऊन येणारी मूर्ती. आमच्या अण्णांना मात्र यात काही गैर वाटायचं नाही. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी पाळण्यात असताना त्यांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर दोनच गोष्टींवर श्रद्धा ठेवली: एक तथागतावर आणि दुसरी शुद्धलेखनावर. निवेदिकेच्या जागेची जाहिरात त्यांनीच कापून आणली होती.

चाचणीहून परत आले तेव्हा ते बसथांब्यावर उभे होते. त्यांच्यामागे आई, आईमागे अर्धी वस्ती. "कळवतो म्हणाले," एवढं म्हणायला काय हरकत होती? कुठल्याही शहाण्या मुलीने तेच म्हटलं असतं. आमच्या ह्या बाई म्हणाल्या, "झालं! शुक्रवारी रात्रीचं शेवटचं निवेदन माझं." वार दिला, वेळ दिली. कोणी विचारलं असतं तर साडीचा रंगही दिला असता.

शुक्रवारपर्यंत मला ताप यावा म्हणून मी काय काय केलं ते सांगत नाही. कांदा काखेत धरून ताप येत नाही, एवढं लक्षात ठेवा. वस्तीच्या कडेला एका कंत्राटदाराचं घर होतं, तिथे एकुलता एक टीव्ही. माझ्या आईने कंत्राटदारिणीला आधीच सांगून ठेवलेलं. रात्री पन्नास-साठ माणसं त्या घरात, ओट्यावर, खिडकीच्या गजांना धरून. मी घरी, कारण निवेदन आधीच मुद्रित करून ठेवलंय, अशीही थाप मी मारली होती. खरी निवेदिका तिकडे पडद्यावर असायला हवी होती, म्हणून मी इकडे कांबळं डोक्यावर घेऊन पडले होते. माझी त्या रात्रीची समजूत अशी, की आता बातम्या संपतील, आता ती दुसरीच कोणीतरी बाई येईल, हात जोडेल, आणि मग मी उठून कुठे जाणार?

बातम्या संपता संपता कंत्राटदाराच्या घरची वीज गेली. फक्त त्याच्याच घरची. कंत्राटदाराने तार जोडून ती परत आणली तेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात काहीतरी जड लागलं. पांढरा चिनी मातीचा फ्यूज. कंत्राटदाराचं विजेचं मीटर बाहेर ओट्यावर होतं. मी तो हातात धरून उभी राहिले. अण्णा आतून आले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि सदऱ्याशिवायच बाहेर निघाले. दारात थांबून म्हणाले, "चूक दिसली की छापायच्या आधी पान खाली घ्यायचं असतं." चाचणीनंतर तिथेच हातात ठेवलेलं नापसंतीचं छापील कार्ड मी गादीखाली लपवलं होतं. ते त्यांना सापडलं होतं, आणि मला पुढे कळलं की ती कार्डं छापली जायची त्यांच्याच छापखान्यात. 'आपली निवड होऊ शकली नाही' ही ओळ त्यांनी स्वतः जुळवली होती. त्या विषयावर आमच्यात हे एवढंच बोलणं झालं. अगदी ते वारेपर्यंत.

तिथेच प्रकरण संपायचं. पण रविवारी हडपसरहून मावशी आली. हडपसर तेव्हा खेडं होतं आणि तिथल्या पाटलांकडे टीव्ही होता. मी तिला पाणी द्यायला गेले आणि तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "बगितलं की मी! समदं पारदर्शी. केसात गजरा व्हता, हातात कागूद व्हता. कशी बोलत व्हती पोर, आक्षी कलेक्टरीन!"

'पारदर्शी' कशाला हे मला आजही कळलेलं नाही. पण मावशीने पाहिलं म्हटल्यावर वस्तीतल्या आणखी चार जणांना आठवलं, की त्या दिवशी तेही कुठे कुठे पाहुणे गेले होते आणि त्यांनीही पाहिलं. आपण सोडून सगळ्यांनी पाहिलं, हे कोणाला परवडणार? महिन्याभरात मला पाहिलेली माणसं इतकी झाली, की मी नाही म्हटलं असतं तर मलाच खोटारडी म्हणाले असते.

आणि खरं सांगू का, हळूहळू मलाही आठवायला लागलं. कपाळावर पडलेला तो दिव्यांचा ऊबदार उजेड, काळ्या काचेत उलटी दिसणारी इवलीशी मी, निवेदन संपल्यावरची ती शांतता. अजूनही कधी पहाटे जाग येता येता मी तिथे असते. समोर कोणी नसतं. तरी कोणीतरी पाहत असतं.

तर असा पूर्वेतिहास असलेली बाई त्या उन्हाळ्यात काळ्या खोलीत स्टुलावर बसली होती, आणि दोन मुली तिला प्रश्न विचारत होत्या.

"आजी, निवेदन संपल्यावर चित्र बदलेपर्यंत तुम्ही कुठे बघायचात?" मैत्रिणीने विचारलं. ती कॅमेरा आणि आवाज दोन्ही सांभाळायची आणि तिला प्रत्येक गोष्ट खरीच हवी असायची.

"काचेच्या जरा वर," मी म्हटलं. "जणू पाहणाऱ्याच्या मागे कोणी उभं आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नातीने लिहून घेतलं.

मग काय, मी सुटलेच. टेबलाखाली एक माणूस उताणा झोपलेला असायचा आणि वेळ संपली की माझ्या पदराला हळूच ओढ द्यायचा. पाण्याचा पेला डाव्या हाताला, तो प्यायचा नाही, नुसता ठेवायचा. कागद कोरे असायचे. दोघी ऐकत होत्या आणि त्यातून सिनेमा उभा राहत होता. पाहणाऱ्याच्या मागे बघणारी नजर त्यांनी घेतली. पेला घेतला, आणि प्रत्येक निवेदनागणिक त्यातलं पाणी आपोआप कमी होत जाईल असं ठरवलं. टेबलाखालून पदर ओढणारा हात घेतला. तो मात्र शेवटी कोणाचाच निघत नाही. माझी थाप त्यांच्या हातात गेली की भूत होऊन परत यायची. मला मजा येत होती. सत्तरीच्या बाईला एवढी मजा येणं बरं नव्हे.

एकदा मेथीच्या वेळी, अंधारात, नात तिच्या मैत्रिणीला सांगत होती. हडपसरला त्यांच्या कंपनीत महिला दिनाला बोलायला तिला उभं केलं होतं. "मी काय बोलू, मला सुचेना. मग मी आजीचंच सांगितलं. पत्र्याच्या खोलीतली मुलगी, जिच्या बोलण्याला लोक हसायचे, ती एक रात्र अख्ख्या महाराष्ट्राशी बोलली. आणि मी स्टेजवर थरथरत होते ना, तर एकदम थांबले." मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अंधार होता म्हणून बरं.

त्याच संध्याकाळी तिने सगळ्यांच्या मोबाइलवर सिनेमाची जाहिरात पाठवली. रविवारी सकाळचा खेळ, लहान हॉल, आणि खाली ठळक अक्षरांत: 'त्या काळच्या खऱ्याखुऱ्या निवेदिकेसह!' ह्यांनी ती पोस्टातल्या निवृत्त मित्रांच्या गटावर टाकली. मी रात्री दोन वेळा उठून पाणी प्यायले.

तिसरं, म्हणजे शेवटचं निवेदन काही केल्या जमेना. दोन निवेदनं साधी, गोड. तिसऱ्यात काहीतरी चुकायला हवं होतं, पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायला हवा होता. मजकूर नातीने लिहिला होता: 'आता रात्र झाली. आमचे कार्यक्रम संपत आहेत. नंतर कोणीही जागं राहणार नाही. नमस्कार.' मी ते हळू बोलून पाहिलं, भरभर पाहिलं, डोळे न मिटता पाहिलं. मैत्रिणीने खालून विजेरी धरली तर मी भुतापेक्षा गणपतीच्या देखाव्यातली राक्षसीण दिसायला लागले.

"भीती वाटत नाही," नात म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. खेळाला तीन आठवडे उरले होते. "आजी, काहीतरी कर ना. अगदी थोडंसंच चुकीचं. लोकांना कळायला नको काय चुकलंय."

मला ठाऊक होतं काय करायचं. पन्नास वर्षं तोंडात दाबून ठेवलं होतं. चार वेळा मी मान हलवली. मग कॅमेऱ्याच्या जरा वर पाहिलं, हसले आणि म्हटलं:

"आता रात्र झाली. आमचे कार्यक्रम संपत आहेत. णंतर कोणीही जागं राहणार णाही. णमस्कार."

पहिल्या 'ण'ला मैत्रीण फस्सकन हसली. दुसऱ्याला थांबली. 'णमस्कार' म्हणून मी हात जोडले आणि तसेच ठेवले. मैत्रिणीने तेवढा तुकडा जुन्या टीव्हीवर लावला, आणि त्या फुगीर काचेत मी पहिल्यांदा मला पाहिलं. काळीपांढरी, कडेला थरथरणारी, दुधी कड असलेली. टीव्हीवर. माझ्या हातापायांना मुंग्या आल्या.

"आजी," नात कुजबुजली, "हे कुठून आणलंस?"

"चाचणीतून."

"कसली चाचणी?"

एक थाप जिभेवर तयार होती: प्रशिक्षणात आम्हाला असं बोलू नका म्हणून शिकवायचे. छान थाप होती. पण टीव्हीतली ती बाई हात जोडून माझ्याकडे बघत होती, आणि दुपारचे तीन वाजलेले असूनही मध्यरात्र होती. मी सांगायला लागले.

आमच्या वस्तीत 'ण' नव्हता. पानी, लोनी, कोन आला, कोन गेला. आम्हाला त्याचं काही अडत नव्हतं, पण शाळेत अडायचं. मी 'पानी' म्हटलं की बाई म्हणायच्या, "हा हिंदीचा तास आहे का, म्हणे पानी?" आणि वर्ग हसायचा. अण्णांना ते फार लागायचं. छापखान्यात त्यांच्यासमोर लाकडी खणांची पेटी असायची, प्रत्येक अक्षराचं घर वेगळं. "न चं घर हे, ण चं घर हे," ते हवेत दाखवायचे. "एकाच्या घरात दुसरा शिरला की प्रूफावर लाल शाई." तीन महिने त्यांनी माझी जीभ टाळूला लावून घेतली. एकदा तर संध्याकाळची वंदना मध्येच थांबवली. आम्ही सगळे 'सरनं गच्छामि' म्हणत होतो. अण्णांचे डोळे उघडले. "सरणं," ते म्हणाले. "इतकी वर्षं आपण चुकीच्या घरी शरण जातोय."

तर चाचणीला गेले ती मुलगी ही अशी घडवलेली. टेबलामागे तिघं बसले होते. माझ्या हातात कागद, कागदावर न ही होते आणि ण ही होते. कोणाचं घर कुठलं ते सगळं डोक्यातून गेलं. एकच भीती, की ण च्या जागी न जाऊ नये. म्हणून मी खबरदारी म्हणून सगळीकडे ण च वाटून टाकला. "णमस्कार. बातम्यांणंतर आपण पाहणार आहात मणोरंजणाचा णवा कार्यक्रम." एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मधल्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "बाई, ण फार आणलेत आपण. थोडे परत न्या."

हे मी नकलेसकट सांगितलं. मैत्रीण हसत सुटली. नात नाही.

"म्हणजे तू टीव्हीवर नव्हतीस," ती म्हणाली.

"नव्हते."

"कधीच?"

"आत्ता, पाच मिनिटांपूर्वी होते."

"आजी, जोक नको." ती उठून उभी राहिली. "पेला?"

"खोटा."

"टेबलाखालचा माणूस?"

"तो तर फारच खोटा."

"मी सगळ्या कंपनीसमोर सांगितलंय. माझ्या इंटरव्ह्यूत सांगितलंय. लहानपणी मला कोणी काही बोललं ना, तर मी मनात म्हणायचे, माझी आजी टीव्हीवर होती, तुमची कुठे होती?" मग ती खिडकीशी गेली आणि चार्टपेपर ओढून काढायला लागली. एकेक. चिकटपट्टी चर्र वाजत होती. ऊन आलं, भांडी आली, समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आले. रात्र अशी फाडून काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. ती निघून गेली. मैत्रीण जाताना म्हणाली, "आजी, टेक भारी होता पण."

पुढचे दोन शनिवार कोणी आलं नाही. अडीच वाजले तरी दुपार दुपारच राहिली. हे हॉलमध्ये झोपलेले, भाजीवाला खालून जाऊन गेलेला, आणि मी स्टुलावर बसून उजेडाकडे बघत असायचे. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला मी खूप शिव्या घातल्या. ती नेहमीसारखी आरशात बघत होती.

खेळाच्या आधीच्या बुधवारी नात ऑफिसमधून थेट आली. पाठीला सॅक, बसल्या बसल्या मांडीवर लॅपटॉप. पाणी दिलं ते प्यायली. मग स्क्रीनवरून डोळे न उचलता म्हणाली, "त्या रात्री लाइट गेली होती, असं तू सांगायचीस. तेही खोटं?"

मग मी तिला फ्यूजचं सांगितलं. तिला ते कधीच कोणी सांगितलं नव्हतं, कारण फ्यूज सांगितला की सगळंच सांगावं लागतं.

"शप्पथ?"

"आपल्यात शपथ कुठे असते गं? पंचशील असतं. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, मी मोडलं. बाकी चार शाबूत आहेत."

तिच्या नाकपुड्या हलल्या. हसू होतं की रडू, मी विचारलं नाही. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सिनेमाच्या शेवटची पाटी होती. 'निवेदिका' असं लिहून पुढे रिकामी जागा.

"काय लिहू, तू सांग. ते जुनं पण ठेवू शकते. कोणाला कळणार नाही."

सरकारी कचेरीत तीस वर्षं मराठी टंकलेखन केलेली बाई आहे मी. रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. 'आजी' असं लिहायला सांगितलं. त्याच्या खाली: 'पूर्वानुभव: नाही.'

तिने टाइप केलं. बराच वेळ पाहिलं. "फाँट बदलते," म्हणाली. "हा फार उदास दिसतोय." आणि मग, जाताना दारातून, "आजोबांना माहितीये?"

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. आणि नाही सांगितलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता एका दुकानावरच्या हॉलमध्ये पडदे ओढून पुन्हा रात्र केली. पन्नास-एक खुर्च्या, बहुतेक काळे टी-शर्ट, आणि पुढच्या रांगेत पोस्टातली सहा निवृत्त मंडळी. ह्यांनी कानाचं यंत्र पूर्ण मोठं करून ठेवलं होतं, दंतमंजनाची जाहिरात चुकायला नको म्हणून. लिफ्ट थांबली, मिक्सर बोलला, मुंग्या चालल्या. पेल्यातलं पाणी उतरत गेलं. तिसऱ्या निवेदनाला मागे कोणीतरी हसलं आणि अर्ध्यातच गप्प झालं. मग पाटी आली. लोक हसले, टाळ्या वाजल्या, दिवे लागले.

"आजी, त्या काळच्या तुमच्या अनुभवाबद्दल सांगा ना काही," मागून एक मुलगा म्हणाला. जाहिरात वाचून आला होता बिचारा. पाटी त्याला विनोद वाटली होती.

नातीने माझ्यासमोरून माइक उचलला. "मी सांगते," ती म्हणाली. हात थरथरत होता, मला दिसला.

आणि तिने सांगितलं. पाण्यापासून सुरुवात केली, पानीपासून. अण्णांचे खण सांगितले, सरणं सांगितलं. 'थोडे परत न्या' ला सगळा हॉल हसला. माझ्यापेक्षा तिने ते बरं म्हटलं, हे कबूल करायला हवं. कंत्राटदाराचा ओटा आणि पांढरा फ्यूज आला तेव्हा कोणी हसलं नाही. "माझी आजी टीव्हीवर नव्हती," ती शेवटी म्हणाली. "हे मी आतापर्यंत खूप जणांना उलटं सांगितलंय. उद्या ऑफिसमध्ये पण सांगणार आहे." हात तोवर थांबला होता. तिने माइक मैत्रिणीला दिला आणि दोघी रिक्षाच्या गोष्टीवरचे प्रश्न घ्यायला लागल्या.

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळत होते. हे पडद्याकडे बघत होते, तो आता नुसता पांढरा होता.

लग्नाआधी हे मला बघायला आले, तेव्हा पोहे खाता खाता म्हणाले होते, "यांना मी ओळखतो. टीव्हीवर पाहिलंय." हा माणूस साफ खोटं बोलतोय हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मला ते कोणाला सांगता येणार नव्हतं. तेव्हाच मी हो म्हणायचं ठरवलं. म्हटलं, जमेल.

"म्हणजे ती तू नव्हतीस?" ह्यांनी विचारलं. यंत्र मोठं होतं तरी स्वतः ओरडूनच. पोस्टाची रांग वळून बघायला लागली.

"नव्हते हो."

ह्यांनी कवळी जरा हलवून नीट बसवली.

"मग मी पाहिली ती कोण?"

"मला काय माहीत! तुम्ही कोणाकोणाला बघत होतात ते."

"चांगली बोलत होती," हे म्हणाले. "निळी साडी होती."

"अहो, तेव्हा टीव्ही काळापांढरा होता."

"हो ना," ते म्हणाले. "पण साडी निळी होती."